कामधंद्याचं बोला : सबसिडी आधी की गिऱ्हाईक आधी?

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं आहे, शिकलो पण काम नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही म्हणून चार निवडली. मी २८ वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, त्यामुळे माझं उत्तर थोडं कानस घासल्यासारखं खरखरीत येतं, सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, मी वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यातला. वय २४, बी.ए. झालंय. पोलीस भरती दोनदा दिली, एकदा ग्राउंड निघालं पण लेखीत गेलो. बाबा म्हणतात आता बस कर, पीएमईजीपीमधून (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, धंद्यासाठी कर्ज आणि सबसिडीची केंद्राची योजना) लोन काढ आणि मिनी दाल मिल टाक, ३५ टक्के सबसिडी आहे. एक जण फाइल करून देतो म्हणतोय, २० हजार मागतो. काय करू?

उत्तर : माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. पहिलं म्हणजे ते २० हजार खिशातच ठेव. अर्ज ऑनलाइन असतो, त्याला फी नाही, आणि जो माणूस "आपली बँकेत ओळख आहे" म्हणतो त्याची ओळख फक्त बँकेबाहेरच्या चहावाल्याशी असते हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आता सबसिडी. २०२२ च्या सुधारणेनंतर मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो. वाशिम आकांक्षित जिल्ह्यांत येतो, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने निवडलेले जिल्हे, म्हणून तुझी जात कुठलीही असो, तू स्पेशल कॅटेगरीत बसतोस. म्हणजे ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. समज १२ लाखांचा प्रोजेक्ट केला तर तुझे ६० हजार, सबसिडी ४ लाख २० हजार, आणि शेवटी तुझ्या डोक्यावर उरतं ७ लाख २० हजार. पण ही सबसिडी हातात येत नाही बरं का, बरेच जण इथेच फसतात, ती बँकेत तुझ्या नावाने ३ वर्षं अडकून राहते आणि युनिट खरंच चालू आहे का हे बघूनच कर्जात वळती होते. मध्येच मिल बंद पडली तर सबसिडीवर पाणी.

बाबांना आता माझ्या वतीने हिशोब दाखव. ७ लाख २० हजार, ११ टक्के व्याज धरलं, ५ वर्षं, तर हप्ता साडेपंधरा हजारांच्या वर जातो. हा हप्ता, एक हाताखालचा पोरगा आणि लाइट बिल धरून महिन्याचा खर्च ३४ हजार समज. किलोमागे ४ रुपये सुटतात असं धरलं (तुमच्याकडचा भरडाईचा दर काय ते तूच विचार) तर फक्त खर्च निघायला महिन्याला ८५ क्विंटल माल लागतो, आणि त्यात तुझा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही! तूर घरात येते जानेवारीच्या आसपास, मग हरभरा, लोक वर्षाची डाळ करून घेतात उन्हाळ्यात, आणि पावसाळा लागला की भिजवलेली तूर वाळवायची कुठे हा प्रश्न. हप्ता मात्र बारा महिने चालू. मशीन विकणारा हे कधीच सांगणार नाही, त्याला मशीन खपवायचंय.

मिल टाकू नको असं मी म्हणत नाहीये. आधी आजूबाजूच्या चार गावांत फीर, वही घेऊन, कोण किती तूर पिकवतो, डाळ कुठून करून आणतो, काय देतो, कशाला वैतागतो ते लिही. मग तालुक्याच्या ठिकाणचे किराणावाले, मेसवाले, बचत गट, कोण दर महिन्याला डाळ घेईल ते विचार. ४० पक्की नावं निघाली तर बँकेत जा, मॅनेजर पण तुझ्याशी वेगळं बोलेल. १० च निघाली तर दुसऱ्या कुणाच्या मिलवर डाळ करून घे, पाकिटं भरून वीक, एक सीझन बघ. कर्ज कुठे पळून जात नाही.

आणि भरती वाईट नाही रे, पण तारीख ठरव की अजून किती अटेम्प्ट. बिनतारखेची तयारी घर खाते.

प्रश्न : वेल्डर ट्रेड झाला. एका कंपनीत अप्रेंटिस मिळतेय, स्टायपेंड कमी आहे. ठेकेदार हेल्पर म्हणून १४ हजार देतोय. घरी पैशाची गरज आहे. – एक वाचक, वाळूज

उत्तर : अप्रेंटिसला जा, पण डोळे उघडे ठेवून. तीन गोष्टी बघा, करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर रजिस्टर होतोय का, वेल्डिंगचा टॉर्च हातात मिळणार की फक्त पत्रे उचलायचे, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार का. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला किमान अडीच टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे काही कंपन्या नुसता आकडा भरायला पोरं घेतात आणि वर्षभर पॅकिंग करून घेतात. तसं असेल तर ठेकेदार बरा, निदान पैसे तरी देतो. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही थोडं हेच झालं, २०२४ मध्ये आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १० हजार महिना, पण ज्यांना कुठल्यातरी ऑफिसात झेरॉक्स काढायला बसवलं ते मुदत संपल्यावर काय शिकलो म्हणून सांगणार?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझे माजी विद्यार्थी डिग्री घेऊन कट्ट्यावर बसलेत, बघवत नाही. आपल्या राज्याने रोजगार हमी आणली, मग सुशिक्षितांसाठी तशी हमी का नाही? आपल्यासारख्या दुसऱ्या देशांत काय करतात?

उत्तर : ताई, तुम्ही सांगलीच्या म्हणून मजा वाटली, कारण ही कल्पना तुमच्याच भागातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, तिथेच त्यांनी आधी छोटा प्रयोग करून बघितला. मग १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. तुमच्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जो प्रोफेशनल टॅक्स कापला जातो ना, तो १९७५ मध्ये याच कामासाठी लावला होता. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे, केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि आपण स्लिप बघून नुसते कुरकुरतो.

पण ती हमी टिकली कारण काम साधं होतं. बांध, तलाव, रस्ता, कुणीही खोदू शकतो, मोजता येतं, आणि मजुरी इतकीच की ज्याला खरी गरज तोच येणार. एम.ए. झालेल्या पोराला काय मोजून द्यायचं? म्हणून मला सुशिक्षितांची हमी कागदावर गोड वाटते पण प्रत्यक्षात ती भत्ता होऊन बसेल अशी भीती वाटते.

बाहेरच्यांनी काय केलं ते सांगतो. युगांडाच्या उत्तर भागात, जिथे वर्षानुवर्षं यादवी होती, सरकारने तरुणांच्या गटांना रोख पैसे दिले, माणशी साधारण ३८२ डॉलर, म्हणजे त्यांची जवळपास वर्षाची कमाई, आणि नंतर कुणी देखरेखीला उभं राहिलं नाही. पोरांनी पैसे उडवले नाहीत, शिवणकाम, सुतारकाम असले धंदे धरले, ४ वर्षांनी त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त होती. पण ९ वर्षांनी परत मोजलं तर बाकीचेही जवळपास तिथेच पोचलेले. म्हणजे पैशाने सुरुवात लवकर झाली, कायमची आघाडी नाही मिळाली. मला तरी हे वाईट वाटत नाही, पंचविशीतली ४ वर्षं काही थोडी नसतात.

इथिओपियात उलटा प्रकार. कारखान्यात नोकरी लागली की प्रश्न सुटला असं आपण धरून चालतो ना, तिथे पाच कंपन्यांत अर्ज केलेल्या सुमारे हजार जणांतून चिठ्ठी टाकून काहींना नोकरी दिली, तर वर्षभरात तीन चतुर्थांशाहून जास्त सोडून गेले. पगार बाहेरच्या फुटकळ कामापेक्षा काही बरा नव्हता आणि तब्येतीचं नुकसान वेगळं.

आणि बांगलादेश. तो मला फार आवडतो, कारण तो शिकवण्याशी संबंधित आहे. १९७९ मध्ये चितगावच्या देश गारमेंट्सने १३० जणांना कोरियात देवू कंपनीच्या कारखान्यात शिकायला पाठवलं, ६ महिने. परत आल्यावर काही वर्षांत त्यातले बहुतेक जण कंपनी सोडून गेले, कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाला वाईट वाटलं असेल, देशाचं मात्र भलं झालं, आज त्यांच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. सोबत बँकेची एक सोय होती, परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर दाखवा आणि तिच्याच जोरावर कापड उधारीवर आणा. ऑर्डर आधी, उधारी नंतर. वाशिमच्या मुलाला मी वही घेऊन फिरायला सांगितलं ते याच हिशोबाने. (कामगारांच्या हालांचं, पडलेल्या इमारतींचं पण बोलायला हवं, २०१३ चं राणा प्लाझा, ११०० हून जास्त माणसं गेली. ते विसरून कौतुक नको.)

तुमच्या कट्ट्यावरच्या पोरांसाठी विचाराल तर आधी त्यांना सांगलीच्या, कुपवाडच्या एमआयडीसीत घेऊन जा, नुसतं बघायला. कुठल्या कामाला माणूस मिळत नाही हे तिथल्या सुपरवायझरला विचारा. बहुतेक डिग्रीवाल्यांनी ते आयुष्यात विचारलेलं नसतं.

प्रश्न : माझं वय ३८, दहावी पास आहे. या वयात आयटीआय करता येतं का? हसू नका. – एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : हसत नाही. १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. माझ्या वर्गात एकदा ४१ वर्षांचे गृहस्थ होते, पोरं त्यांना काका म्हणायची आणि कानस मारायला त्यांच्याकडूनच शिकायची. मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा, दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज सुरू झाले की तेव्हा नेमकं तेच सापडत नाही.