कमांडोंनी उडवला तो ड्राय डॉक, यू-बोटींचा तळ नव्हे

तुम्ही दोन प्रश्न एकात घातलेत. १९४२ मध्ये ब्रिटिश कमांडोंनी फ्रान्समधल्या सँ-नाझेरचा यू-बोटींचा, म्हणजे जर्मन पाणबुड्यांचा, तळ उडवला असं वाचलंय, मग आजच्या फोटोत तो तळ धडधाकट कसा दिसतो, हा पहिला. आणि मुलगी नांतला शिकतेय, तिला भेटायला जाताय तर सँ-नाझेरला एक दिवस द्यावा का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हो, द्या. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल, कारण ती चूक खूप जणांची होते, माझीही होती. मी जहाजावर इंजिनियर होतो, आमचं गॅसचं जहाज शेजारच्या माँत्वारला लागायचं, तेव्हा सुट्टी मिळाली की गावात चक्कर व्हायची, आणि पहिल्या खेपेला मीही त्या काँक्रीटच्या डोंगरापुढे उभं राहून "अरे हे तर उडवलं होतं ना?" असं विचारून लोकांना हसवलं होतं.

तर कमांडोंनी उडवला तो ड्राय डॉक, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरड्यावर घ्यायची गोदी. यू-बोटींचा तळ त्याच्यापासून चालत काही मिनिटांवर आहे आणि त्या रात्री त्याला धक्काही लागला नाही.

हा ड्राय डॉक म्हणजे फॉर्म जुबेर, सगळे त्याला नॉर्मंडी डॉक म्हणतात. सँ-नाझेर हे लोआर नदीच्या मुखावरचं, जहाजं बांधणारं गाव. पेनोएतच्या यार्डात नॉर्मंडी नावाचं ३१३ मीटर लांबीचं प्रवासी जहाज बांधायचं ठरलं, तेव्हा एवढं धूड ठेवायला जागा हवी म्हणून ३५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असा डॉक बांधला, तो १९३२ मध्ये पुरा झाला. गंमत बघा, श्रीमंत लोकांना अटलांटिकपार नेणाऱ्या जहाजासाठी बांधलेली गोदी, आणि तीच दहा वर्षांत गावाच्या मुळावर आली. नॉर्मंडी स्वतः त्या हल्ल्याच्या दीड महिना आधी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागून कलंडली होती, म्हणजे मालकीण गेली आणि घरावर भांडण सुरू झालं असा प्रकार.

भांडण का? जर्मनांकडे टिर्पिट्झ नावाची युद्धनौका होती, बिस्मार्कची बहीण, साधारण २५० मीटर. जहाजाला पाण्याखाली भोक पडलं, रडर म्हणजे सुकाणू गेलं, पंख्याचा शाफ्ट वाकला तर धक्क्याला बांधून काही होत नाही, ते कोरड्यावर घ्यावंच लागतं, हे शिपिंगमध्ये काम केलेल्याला सांगायला नको. आणि अख्ख्या अटलांटिक किनाऱ्यावर जर्मनांच्या ताब्यात टिर्पिट्झ मावेल असा ड्राय डॉक हा एकच. मे १९४१ मध्ये बिस्मार्क जखमी होऊन पळत होती ती इकडेच यायला निघाली होती, वाटेत बुडवली म्हणून वाचलो असं ब्रिटिशांना वाटलं. आता हा डॉकच नसला तर टिर्पिट्झला अटलांटिकमध्ये मार खाल्ल्यावर थेट जर्मनीपर्यंत ब्रिटिश आरमाराच्या नाकाखालून परत जावं लागणार, म्हणजे जर्मन तिला अटलांटिकमध्ये पाठवायलाच कचरतील. एवढाच हिशोब. टिर्पिट्झवर हात टाकता येत नाही तर तिचं गॅरेज मोडा.

डॉकचे दरवाजे म्हणजे आपण डोळ्यासमोर आणतो तसे दोन फळ्यांचे नव्हेत. पोलादी पोकळ पेटी, जवळजवळ ५१ मीटर लांब आणि १० मीटरच्या वर जाड, रुळांवरून बाजूच्या खोबणीत सरकणारी. विमानातून टाकलेला बॉम्ब त्यावर नेमका पडेल याची त्या काळात काही खात्री नाही. म्हणून कॅम्पबेलटाऊन ही जुनी विनाशिका घेतली (मूळची अमेरिकन), तिची दोन धुराडी काढली, उरलेली तिरपी कापून जर्मन जहाजासारखी दिसेल अशी केली, पुढच्या भागात २४ डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब) म्हणजे सव्वाचार टन स्फोटकं पोलाद आणि काँक्रीटमध्ये चिणून ठेवली, आणि इंग्लंडमधल्या फाल्मथहून २६ मार्चला दुपारी ब्रिटिश निघाले. बरोबर १६ लाकडी मोटरलाँच, एक गनबोट, एक टॉर्पेडोबोट, आणि नौसैनिक नि कमांडो मिळून साधारण ६१० माणसं. लाकडी लाँच, त्यात पेट्रोल, डेकवर जादा पेट्रोलच्या टाक्या. मला आजही ते वाचून अंगावर काटा येतो, आम्ही टँकरवर खिशात साधी काडेपेटी ठेवत नव्हतो.

दिवस निवडला तो मार्चच्या उधाणाचा, कारण मुख्य चॅनेलवर तोफा होत्या, म्हणून ते उथळ गाळावरून आले. जहाज हलकं करूनही दोनदा तळ घासला. किनाऱ्यावरून सर्चलाइट पडले तेव्हा वर जर्मन झेंडा होता आणि दिव्याने जर्मन संकेतात निरोप देत होते, त्यात काही मोलाची मिनिटं मिळाली. मग जर्मन झेंडा उतरवून ब्रिटिश चढवला आणि मारामारी सुरू. २८ मार्चच्या रात्री १ वाजून ३४ मिनिटांनी कॅम्पबेलटाऊन दरवाजात घुसली, ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा. चार मिनिटं!! आमच्याकडे बंदरात जहाज नेणारा पायलट चार मिनिटांनी आला तर तो लवकर आला म्हणायचे.

कमांडो उतरले आणि त्यांनी पंप हाऊस आणि दरवाजे ओढणारी वाइंडिंग हाऊसं उडवली. लोक जहाज दरवाजात घुसवल्याचंच कौतुक करतात, पण माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने पंप हाऊस तितकंच महत्त्वाचं, कारण दरवाजा नवा बनवता येतो पण पंपच नाही तर डॉक रिकामा कशाने करणार, मग तो नुसता हौद. पंप जमिनीखाली बारा-एक मीटर खोल होते, स्टुअर्ट चँट हा अधिकारी आधीच जखमी झालेला असताना आपल्या माणसांना घेऊन अंधारात त्या जिन्याने खाली गेला आणि सुरुंग लावून वर आला.

परतीचा बेत मात्र फसला. न्यायला येणाऱ्या लाँच बहुतेक नदीतच पेटल्या. १६९ मेले, २०० च्या वर पकडले गेले, पाच जण गावातून निसटून स्पेनमार्गे घरी पोचले. आणि कॅम्पबेलटाऊन? ती पहाटे फुटायची होती, फुटलीच नाही. उजाडलं, जर्मन अधिकारी, सैनिक जहाज बघायला वर चढले. तिचा कॅप्टन बीटी कैदेत होता, त्याची चौकशी करणारा जर्मन म्हणत होता की एवढा मजबूत दरवाजा, तुम्हाला त्याची कल्पनाच नव्हती, दुरुस्तीला काही आठवडे लागतील, आणि तेवढ्यात खिडक्या हादरल्या, अशी गोष्ट सांगतात. स्फोटात साधारण ३६० जर्मन मेले असं धरतात. डॉक युद्ध संपेपर्यंत कामाला आला नाही आणि टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये कधी आलीच नाही. पाच व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाले. त्यातला एक सार्जंट डरंटचा, मरणोत्तर, आणि त्याची शिफारस त्याच्याशी लढलेल्या जर्मन कप्तानाने केलेली.

इथे बहुतेक डॉक्युमेंट्री संपतात. गावाच्या वाट्याला काय आलं ते फार कोणी सांगत नाही. बंदराच्या जुन्या एन्ट्रन्सच्या दरवाजांवर त्या रात्री मारलेले उशिरा फुटणारे टॉर्पेडो ३० तारखेला संध्याकाळी फुटले, जर्मनांना वाटलं परत हल्ला झाला, आणि त्यांनी दिसेल त्यावर गोळ्या झाडल्या. जर्मनांची बांधकामं करणाऱ्या टॉट संघटनेच्या कामगारांचे कपडे खाकी, तेही ब्रिटिश समजून मारले गेले, आणि ज्यांचा काही संबंध नाही असे गावकरी मेले. शेकडो लोक धरून सावनेच्या कॅम्पात टाकले. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा हल्ला एका रात्रीचा नव्हताच.

बरं आता तुमचा तळ. १९४१ च्या फेब्रुवारीत काम सुरू झालं, जिथून प्रवासी जहाजं सुटायची त्याच धक्क्यावर. जूनअखेर पहिले गाळे चालू. पुढे १४ गाळे झाले, लांबी ३०० मीटरच्या घरात, रुंदी १३०, काँक्रीट ४ लाख ८० हजार घनमीटर. छतावर थर चढवत चढवत ते ८ मीटरच्या आसपास जाड केलं. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी यू-बोटींचा प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ तिथे आला होता आणि ब्रिटिश आले तर काय कराल असं त्याने तिथल्या पाणबुड्यांच्या ताफ्याचा (फ्लोटिलाचा) प्रमुख झोलर याला विचारलं होतं, झोलर म्हणाला तशी शक्यता फार कमी. बिचारा.

माझं स्पष्ट मत असं की हा तळ मारायची खरी वेळ १९४१ होती, पाया खणत होते तेव्हा, छत पडलं नव्हतं तेव्हा. ती गेली. नंतर बॉम्ब छतावर आपटून नुसते खड्डे पडायचे. ते जमेना म्हणून जानेवारी १९४३ मध्ये ठरलं की तळ फुटत नाही तर त्याच्या भोवतालचं गावच उडवा, वीज, पाणी, कामगारांची घरं, रस्ते, म्हणजे तळ आपोआप बंद पडेल. वड्याचं तेल वांग्यावर. २८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री ४०० च्या वर ब्रिटिश विमानं आली आणि गाव पेटलं, मार्चमध्ये परत दोनदा. त्याआधी ९ नोव्हेंबर १९४२ च्या अमेरिकन बॉम्बिंगमध्ये पेनोएत यार्डातले शंभराहून जास्त शिकाऊ कामगार मेले होते, सगळी कोवळी पोरं. आपल्याकडे आयटीआयची पोरं वर्कशॉपला जातात ना, तसे. गावाची ८५ टक्के घरं गेली आणि माणसं आसपासच्या खेड्यांत पांगली. तळ मात्र चालूच. डोनिट्झ स्वतःच म्हणाला होता की या गावांत आता कुत्रं-मांजरही उरलेलं नाही, उरलेत ते पाणबुड्यांचे निवारे.

आणि याच्याही आधीचं एक राहिलं, ते खरं तर पहिलं सांगायला हवं होतं. १७ जून १९४० ला, फ्रान्स पडत असताना, ब्रिटिश सैनिक आणि काही नागरिक इथून पळत होते आणि लँकास्ट्रिया नावाचं कुनार्ड कंपनीचं प्रवासी जहाज मुखाबाहेर नांगरून माणसं भरत होतं. किती चढले कुणी मोजले नाहीत. जर्मन विमानांचे बॉम्ब लागले आणि वीसएक मिनिटांत ते बुडालं, पाण्यावर इंधन तेल पसरलेलं. मेले किती? कमीत कमी तीन हजार, काही अंदाज त्याच्या दुप्पट. टायटॅनिक आणि लुसिटानिया मिळून तेवढे नाहीत आणि तरी नाव कुणाला माहीत नसतं, कारण चर्चिलने बातमी दाबली, लोकांना आज एवढं पुरे झालं म्हणून. पाच-सहा आठवड्यांनी ती अमेरिकेतून फुटली. त्याच आठवड्यात जाँ बार ही अर्धवट बांधलेली फ्रेंच युद्धनौका, चाचणीसुद्धा झालेली नव्हती, मुख्य तोफांचा एकच टरेट (फिरता बुरूज) बसवलेला, १९ जूनच्या पहाटे यार्डातून बाहेर काढून कासाब्लांकाला पळवली, जर्मन दारात असताना. नवं इंजिन पहिल्यांदा चालू करून थेट खुल्या समुद्रात! आम्ही दुरुस्तीनंतर अर्धा दिवस ट्रायल घेतल्याशिवाय कुणाला सोडायचो नाही.

शेवटही तसाच रेंगाळलेला. नांत १२ ऑगस्ट १९४४ ला सुटलं, पॅरिस २५ ला. सँ-नाझेर? ११ मे १९४५. ब्रेस्ट हे दुसरं फ्रेंच बंदर जिंकताना अमेरिकनांची फार माणसं गेली आणि हाती आलं ते मोडकं बंदर, म्हणून इथे हल्ला न करता नुसता वेढा दिला. आत साधारण २८ हजार जर्मन आणि त्यांच्याबरोबर १ लाख ३० हजार फ्रेंच नागरिक, नऊ महिने. हिवाळा कडक, वीज नाही, खायचे वांधे, रेडक्रॉसच्या मध्यस्थीने अधूनमधून गाडी सोडून काही लोक बाहेर काढायचे. टपाल चालावं म्हणून चेंबर ऑफ कॉमर्सने स्वतःची तिकिटं छापली, तिकिटं जमवणाऱ्यांना ती माहीत असतील. बाकी युरोपात विजयाचा दिवस साजरा होऊन तीन दिवस झाले तेव्हा बुव्रों गावातल्या एका मैदानात शरणागतीचा समारंभ झाला.

युद्धानंतर तळ पाडायला परवडेना, म्हणून गावाने त्याच्याकडे पाठ करून नवीन गाव आतल्या बाजूला बांधलं. नव्वदच्या दशकात मग उलट ठरवलं, तळाच्या भिंतीला भोकं पाडून पलीकडचं पाणी दिसेल असं केलं, आता गाळ्यांत जुन्या प्रवासी जहाजांचं म्युझियम आहे आणि एका गाळ्यात कॉन्सर्ट होतात.

तर एक दिवसाचं म्हणाल तर असं करा. नांतहून सकाळची ट्रेन पकडा, तासाच्या आत पोचता. आधी तळाच्या छतावर जा, रॅम्प आहे, वर गच्चीत बाग केलीये. तिथून बंदर नीट समजतं. मग चालत फॉर्म जुबेरला जा, अजून वापरात आहे, जहाज असेल तर फोटो काढा. किनाऱ्यावर हल्ल्याचं स्मारक आहे आणि कॅम्पबेलटाऊनची एक छोटी तोफ, ती बघा. तिथेच पुढे समुद्रात उंच खांबावर १९१७ ला उतरलेल्या अमेरिकन सैनिकांचं स्मारक दिसेल, ते जर्मनांनी १९४१ मध्ये उडवलं होतं, आत्ताचं १९८९ चं आहे. वेळ उरला तर ला बोलच्या ट्रेनने पुढे जाऊन एस्कुब्लाकच्या युद्ध स्मशानभूमीत जाता येईल, हल्ल्यातले आणि लँकास्ट्रियाचे कितीतरी जण तिथे आहेत, बऱ्याच दगडांवर नाव नाही. आणि वारा फार असतो तिकडे, मे महिना असला तरी मुलीला सांगून एक जाड जॅकेट घ्या.