पावसात खरखरणारा प्लेनर स्पीकर

प्रश्न: फोंड्याला राहतो, जुने 4 ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) प्लेनर मॅग्नेटिक स्पीकर घेतलेत, म्हणजे शंकूऐवजी तार चिकटवलेला पातळ सपाट पडदा वाजतो ते. जूनपासून डाव्यातनं तबला लागला की खर्र खर्र येतं, आणि 40 वॉटचा अँप (अँप्लिफायर) जरा वाढवला की तापून बंदच पडतो. चवथीआधी काय करता येईल?

उत्तर: आधी डावी-उजवी वायर अदलाबदल करून बघा, खरखर त्याच स्पीकरात राहिली तर पुढचं कापड सोडवून टॉर्च मारा, मायलारच्या (पातळ प्लास्टिकच्या) पडद्यावरची तार कुठंतरी सुटलेली दिसेल, जुना गोंद दमटपणात नि उन्हात दगा देतो आणि आपला पावसाळा तर काय विचारूच नका. लवचीक राहणाऱ्या गोंदानं चिकटवा, कडक होणारा नको. अँपचं म्हणाल तर आवाज दर 3 डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) वाढवायला वॉट दुप्पट लागतात, त्यात हे स्पीकर भलतेच खादाड, 4 ओमला न तापता 150-200 वॉट देणारा बघा. आणि भिंतीपासून मीटरभर पुढं ठेवा, पाठीमागूनही तेवढंच वाजतात ते.