पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, पण दवाखान्याची पायरी चढवत नाही

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे असून मी यावल तालुक्यातील एका गावात राहते. घरची केळीची शेती आहे. पाळी जाऊन सहा वर्षे झाली. गेल्या श्रावणात, घरात कानबाईच्या रोटांची तयारी चालू असताना, लुगड्याला रक्ताचा डाग दिसला. मी कोणाला सांगितले नाही. कंबर धरल्याचे निमित्त करून पूजेपासून दूर राहिले आणि धाकट्या जावेने सगळे केले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत आणखी तीन वेळा थोडे थोडे रक्त गेले. दुखत काहीच नाही. शेजारच्या आजींना आडून विचारले, तर उष्णतेमुळे कोणाकोणाची पाळी परत येते, असे त्या म्हणाल्या.

दोन वेळा जळगावला जायला निघाले. एकदा बसस्थानकावरूनच परत फिरले. दुसऱ्यांदा दवाखान्यात नाव नोंदवले आणि नंबर येण्याआधी उठून आले. माझ्या थोरल्या जाऊबाईंना असेच रक्त जात होते. त्यांना मुंबईला नेले आणि चार महिन्यांत त्या गेल्या. तपासले की माझेही तेच निघेल, अशी धास्ती वाटते. दवाखान्यात गेले की पिशवी काढायलाच सांगतात, असेही बायका बोलतात. पुरुष डॉक्टर असले तर मला तपासून घेणे जमणार नाही. आशाताई नात्यातल्या आहेत, त्यामुळे त्यांना सांगवत नाही. मुलगी सुरतेला असते, घरात मुलगा आणि सून आहेत. मला मधुमेहाची गोळी चालू आहे. तपासणीला उपाशीपोटी जावे लागते का? मी काय करू?

— एक वाचक भगिनी (नाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे रक्त म्हणजे परत आलेली पाळी नव्हे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची गेली असे वैद्यकशास्त्र मानते, आणि त्यानंतर एकदाच का होईना, अगदी पुसटसा डाग जरी दिसला, तरी त्याचे कारण शोधावेच लागते. दुखत नाही म्हणून काळजी नाही, असा अर्थ कृपया काढू नका. या तक्रारीत दुखणे बहुधा नसतेच. कारणे अनेक असू शकतात. पाळी गेल्यावर शरीरातील संप्रेरके कमी होतात, योनिमार्गाचे आणि गर्भाशयाचे आतले अस्तर पातळ व कोरडे पडते आणि त्यातून रक्त येते. हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. कधी आत लहानसा मस्सा वाढलेला असतो, कधी अस्तर जाड झालेले असते. आणि हो, कधी गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोगही असतो. हा शब्द मी टाळणार नाही, कारण तुमच्या मनात तो तीन महिने आहेच. असे रक्त गेलेल्या १०० स्त्रियांची तपासणी केली, तर साधारण ९ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. म्हणजे ९० हून अधिक जणींना तो नसतो. तुम्हाला मधुमेह आहे आणि मधुमेहात ही जोखीम काहीशी वाढते, म्हणून आणखी थांबणे मला अजिबात मान्य नाही.

आता तुमच्या जाऊबाईंविषयी. त्या मुंबईला गेल्या आणि चार महिन्यांत वारल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलेले माणूस परत येत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मुंबईला नेण्याआधी त्यांना किती महिने रक्त जात होते, हे कोणी विचारले होते का? मला पत्रावरून ते सांगता येणार नाही. तरी माझ्या अनुभवात इतक्या लवकर दगावलेल्या बहुतेक स्त्रिया फार उशिरा आलेल्या असतात. वेळेवर आलेल्या स्त्रियांची गोष्ट गावाला कळतच नाही. त्या तपासून घेतात, उपचार पूर्ण करतात, महिना-दोन महिन्यांत पुन्हा केळीच्या बागेत कामाला लागतात आणि आपल्या पिशवीचे काय झाले याविषयी जन्मभर एक अक्षर बोलत नाहीत. तुमच्या आसपास अशा स्त्रिया असतील, कदाचित तुम्ही त्यांच्याबरोबर हळदीकुंकवालाही बसत असाल. गावात बोलले जाते ते फक्त गेलेल्यांविषयी, आणि त्यामुळे आपल्या भीतीला पुरावा एकाच बाजूचा मिळतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या १०० पैकी सुमारे ९० स्त्रियांना हे रक्त जातेच आणि बहुतेकींना ते आजार गर्भाशयापुरता मर्यादित असतानाच जाऊ लागते. त्या वेळी उपचार झाले तर बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. पोटातल्या इतर अनेक आजारांमध्ये अशी लवकर सूचना मिळत नाही.

पिशवी काढण्याची तुमची भीती मी मनापासून समजू शकते आणि ती निराधार आहे असेही म्हणणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती. परंतु तपासणी करून घेणे आणि शस्त्रक्रियेला होकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भाशयातील तुकड्याचा तपासणी-अहवाल हातात आल्याशिवाय या तक्रारीसाठी पिशवी काढण्याला संमती देऊ नका. कोणी घाई केली तर सर्व कागद मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तो तुमचा हक्क आहे. अहवालात खरोखरच कर्करोग आला तर मात्र पिशवी काढणे हाच मुख्य उपचार असतो आणि तेव्हा मागे हटू नये.

नंबर येण्याआधी तुम्ही उठून आलात, ते आत काय होणार हे माहीत नसल्यामुळे, असे मला वाटते. म्हणून ते सविस्तर लिहिते. प्रथम डॉक्टर प्रश्न विचारतील. मग पडद्याआड टेबलावर झोपवून एका लहान उपकरणाच्या साहाय्याने योनिमार्ग आणि गर्भाशयाचे तोंड पाहतील, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी तेथील पाणी लहानशा ब्रशने घेतील. याला दोन-चार मिनिटे लागतात; अंग सैल सोडून तोंडाने श्वास घेतला की त्रास कमी होतो. त्यानंतर सोनोग्राफी होते. यात एक बारीक नळकांडे योनिमार्गातून आत सरकवतात, त्यावर नवे आवरण आणि जेली असते. गर्भाशयाचे अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचे दिसले तर कर्करोगाची शक्यता अगदीच कमी राहते. अस्तर जाड असले, किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असले, तर साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या नळीने आतला लहानसा तुकडा घेतात. तेव्हा पाळीत दुखायचे तशी कळ येते आणि काही मिनिटांत ओसरते; भूल बहुधा लागत नाही. तपासताना पुरुष डॉक्टर असले तर तेथे स्त्री परिचारिका हजर असलीच पाहिजे, आणि स्त्री डॉक्टरांनीच तपासावे अशी विनंती केसपेपर काढतानाच करता येते. मधेच ‘थांबा’ म्हणालात तर थांबावे लागते. आणखी एक : रक्त थांबल्यावर जाऊ, असे म्हणून कित्येक स्त्रिया महिनोन्‌महिने घालवतात. रक्त चालू असतानाही तपासणी करता येते.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. धुळे आणि नंदुरबार येथील वाचक भगिनींसाठीही तेथील शासकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मोठ्या उपचारांची वेळ आलीच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत मिळतात. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना विचारा.

सांगायचे कोणाला, तर सुनेला. मुलीला सुरतेहून यायला दोन दिवस लागतील आणि त्या दोन दिवसांत तुम्ही पुन्हा मन बदलाल. सून घरात आहे, तिला पाळीचे बोलायला संकोच नसतो आणि ती तुम्हाला नंबर येईपर्यंत बाकावर बसवून ठेवील. त्या श्रावणात कानबाईसमोर का बसला नाहीत, हेही तिला खरे सांगून टाका. हे रक्त विटाळ नव्हे, आजाराचे लक्षण आहे. ते लपवताना तीन महिने तुम्ही एकट्याने जे सोसले, ते वाचून मला फार वाईट वाटले.

येत्या आठवड्यातला एक दिवस तिच्याशी बोलून आजच ठरवा. त्याआधी तासाभरात कापड भिजण्याइतके रक्त गेले किंवा चक्कर आली, तर मात्र त्याच दिवशी निघा. जाताना एका चिठ्ठीवर लिहून घ्या : ‘पाळी बंद होऊन सहा वर्षे झाली. श्रावणापासून चार वेळा रक्त गेले. मधुमेह आहे.’ चालू गोळ्यांची नावे खाली लिहा. माझ्या ओपीडीत कितीतरी स्त्रिया गुडघ्यांविषयीच बोलत राहतात आणि औषध घेऊन उठताना, दारात उभे राहून, खरी गोष्ट सांगतात; तोपर्यंत पुढची रुग्ण आत आलेली असते. तुम्ही खुर्चीवर बसताच ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या, तोंडाने काही सांगावे लागणार नाही.

उपाशीपोटी जायची गरज नाही. सकाळी नेहमीप्रमाणे भाकरी खा, मधुमेहाची गोळी घ्या आणि पिशवीत खायला काहीतरी ठेवा, कारण रांगेत दुपार होऊ शकते. सोनोग्राफीच्या वेळी मात्र लघवी करून जा.