चार अंक उनाड, पाचव्यात साधू

प्रश्न : सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी विनोदी नाटकांतले रंगेल नायक शेवटच्या अंकात सुधारू लागले. जेरेमी कॉलियर या धर्मगुरूने नाटकवाल्यांना झोडपलं, त्याचा हा परिणाम का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी सनावळ्या पाहा. कॉलियरसाहेबांचं पुस्तक आलं १६९८ मध्ये. अशा सुधारणाऱ्या नायकाचं कॉली सिबरचं नाटक ‘लव्ह्ज लास्ट शिफ्ट’ लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात लागलं ते १६९६ च्या जानेवारीत. मास्तरांनी छडी उचलायच्या आतच पोरगं शहाणं झालं होतं.

सिबर तेव्हा २४ वर्षांचा नट. मनासारखी कामं मिळेनात, म्हणून त्याने स्वतःच नाटक लिहिलं. त्यातला लव्हलेस बायकोला टाकून परदेशी जातो आणि खिसा रिकामा झाल्यावर परततो. बायको अमांडा परक्या बाईचं सोंग घेऊन त्यालाच गळाला लावते, मग खरी ओळख देते आणि स्वारी गुडघे टेकते. देवीच्या रोगामुळे तिचा चेहरा बदललेला, म्हणून त्याने ओळखलं नाही म्हणे! मी वर्गात हे सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, देवीने आवाजपण बदलतो?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

प्रेक्षकांनी डोळे पुसले, असं सांगतात. पण नाटक संपल्यावरच्या पद्यात सिबर रंगेल मंडळींची समजूत घालतोच, की आमचा नायक चार अंकांहून जास्त वेळ बदफैलीच आहे. रडणाऱ्यांचंही तिकीट हवं, चावटांचंही.

हवा मात्र खरंच पालटली होती. दुसऱ्या चार्ल्स राजाचा रंगेल दरबार केव्हाच संपला होता. शिवीगाळ करणाऱ्यांना, रविवार न पाळणाऱ्यांना कोर्टात खेचणाऱ्या नीतिसुधारणेच्या मंडळ्या १६९० नंतर लंडनमध्ये जोरात होत्या.

मला स्वतःला या बदलामागे धर्मापेक्षा पैशाचं कारण मोठं वाटतं. मधल्या काळात अमांडाला वारसा मिळालेला असतो आणि नवरा परततो तो कफल्लक होऊन. लग्न झालेल्या बाईचा पैसा तेव्हा कायद्याने बहुतेक नवऱ्याच्याच हाती जायचा आणि फारकत जवळजवळ अशक्य. मग बाईने करायचं काय? आहे तोच नवरा धुऊनपुसून घ्यायचा! लव्हलेसला पश्चात्ताप किती आणि हिशेब किती, हे सिबर सांगत नाही.

जॉन व्हॅन्ब्रू या नाटककाराला हा साधूपणा पटला नाही. १६९६ च्याच नोव्हेंबरात त्याच रंगमंचावर त्याचं ‘द रिलॅप्स’ आलं. सुधारलेला लव्हलेस लंडनला येतो आणि बायकोच्याच चुलत बहिणीच्या नादी लागतो. सिबरला राग यावा ना? छे! त्याने त्यात लॉर्ड फॉपिंग्टन या नखरेल सरदाराचं काम केलं, आणि ते त्याच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरलं.