लॅपटॉपचं झाकण लावून बाहेरच्या मॉनिटरवर काम करायचंय? आधी एवढं बघ

झाकण लावलं की मॉनिटर काळा होतो, तो बिघाड नाही रे, सेटिंग तशी असते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, झाकण बंद केल्यावर काय करायचं ते तिथे ठरवता येतं, फक्त 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' ठेव, बॅटरीखाली 'स्लीप'च राहू दे, कारण दोन्हीकडे बदललंस आणि घाईत लॅपटॉप बॅगेत कोंबून ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडलीस तर तो आत चालूच राहणार आणि वाशीला उतरेपर्यंत चांगलाच तापलेला असणार. मॅकबुकला बाहेरचा कीबोर्ड-माऊस लागतो, चार्जरही लावूनच ठेव.

केबलमध्ये कंजूषी नको. फोर-के मॉनिटरला एचडीएमआय १.४ लावलीस तर ३० हर्ट्झच मिळतात, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माऊस अडखळत सरकतो, दिवसभर डोळ्यांचे हाल, ६० साठी २.० हवं. आणि टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे डिस्प्ले मिळेलच असं नाही, स्पेक्स बघ.

खरी काळजी उष्णतेची. काही मॉडेल्सची गरम हवा कीबोर्डच्या बाजूने, बिजागरीजवळून सुटते, झाकणाने ती अडते, त्यात आपल्याकडचा मे महिना. उभा स्टँड घे, जाळी भिंतीला चिकटू देऊ नकोस. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम असेल तर सरळ झाकण उघडं ठेव आणि विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' कर, मी उन्हाळाभर तेच करतो.