पाण्याचं मॉडेल आणि आपली केळी

राम राम भाऊ. रावेरकडच्या एका केळीवाल्या भाऊंनी विचारलंय की ग्रामसभेत लॅपटॉपवर पाण्याचं मॉडेल दाखवलं, लाल-निळा नकाशा, दलघमी (दशलक्ष घनमीटर) वगैरे, पण माझी केळी मे महिन्यात तगेल का तेच कळलं नाही. भाऊ, यात तुमची चूक नाही, सांगणाऱ्यानेच तुमच्या मापात सांगायला पाहिजे.

मॉडेल म्हणजे हिशोबच, पावसातून नाल्याने गेलं ते, पिकाने आणि उन्हाने उडवलं ते, मातीने धरून ठेवलं ते वजा केलं की उरलेलं खाली भूजलात उतरतं. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईने असाच ताळेबंद बांधून दिला, त्यात आपला जळगाव जिल्हा पण होता.

आता आपलं माप लावू. एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे साधारण 4 हजार लिटर. पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,750 च्या आसपास झाडं, भर उन्हाळ्यात झाडाला रोज 16 लिटर धरले तर 28 हजार लिटर झाले, म्हणजे रोज 7 मिमी पाऊस पडल्यासारखं पाणी आपण जमिनीतून उपसतोय, हा आकडा मला स्वतःला दरवेळी हलवतो. तुमची मोटर 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदात भरत असेल तर तेवढं पाणी द्यायला दीड तासाच्या वर लागतो. म्हणून सभेत सरळ विचारा, दलघमी राहू द्या, गावात किती एकर केळी झेपेल आणि मोटर किती तास चालेल ते सांगा. पंचायतीला त्याच हिशोबातून जूनपर्यंत पिण्याचं पाणी पुरेल का ते पाहिजे, कालव्यावरच्यांना आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, किती मिळतील ते पाहिजे, मॉडेल एकच असू द्या पण उत्तर ज्याचं त्याला द्या.

अमळनेरहून विचारणा आहे, रावेरचा आकडा आम्हाला चालेल का? नाही चालणार. तापीच्या उत्तरेला, रावेरकडे, जाड गाळाची जमीन, बोअर खोल. दक्षिणेला, तुमच्या बाजूला, बराच भाग काळ्या खडकाचा, पाणी फुटलेल्या खडकात आणि भेगांतच, विहीर लवकर भरते आणि लवकर उतरते.

भूजल विभाग निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरला मोजतो पण प्रत्येक गावात त्या पुरेशा नसतात, मग मॉडेल अंदाजावर चालतं. तुम्हीच दर 15 दिवसांनी सकाळी मोटर लावायच्या आधी, रात्रभर विहीर सावरल्यावर, टेप सोडून काठापासून पाणी किती फुटावर आहे ते तारखेसकट वहीत लिहा, काठावर एक खूण करा म्हणजे दरवेळी तिथूनच मोजलं जाईल. मे आणि ऑक्टोबरचं रीडिंग चुकवू नका, वहीचा फोटो सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या.