उपदेश नक्की कुणासाठी?

"उद्या उपदेश आहे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही." माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बहुतेक याच वाक्याने सुरुवात करतात. शनिवारी झोप नाही, रविवारी घशाला कोरड, आणि बाकावरच्या कुणी घड्याळाकडे पाहिलं की पुढचा मुद्दाच आठवत नाही.

नगर जिल्ह्यातले एक तरुण पाळक असेच आले (ओळखीचे तपशील बदलले आहेत). शास्त्रपाठ बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय, उधळ्या पुत्राचा दाखला: वाटणी उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा, त्याला जवळ घेणारा बाप आणि त्यावर रुसलेला थोरला भाऊ. टाचण अकरा पानांचं. मुद्दे, पोटमुद्दे, भाष्यग्रंथांतले उतारे. मेहनत खूप घेतली होती.

"पाळकसाहेब, हे ऐकायला दुसऱ्या बाकावर कोण बसतं?"

"एक मावशी असतात. कांद्याच्या खुरपणीला जातात. मुलगा पुण्याला गेला तो घरी फिरकत नाही."

"मग ही पानं कुणासाठी लिहिलीत?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. "सेमिनरीतल्या, पाळकांच्या कॉलेजातल्या, सरांसाठी, मॅडम. ते अजून मागे बसून मार्क देतायत असं वाटतं."

या उत्तरापाशी मी त्यांना थांबू दिलं. व्यासपीठावर घाबरलेला माणूस सारा वेळ स्वतःकडेच बघत असतो. त्याला समोरचं एक माणूस खरोखर दिसलं की भीती ओसरते, यावर माझा पक्का विश्वास आहे.

टाचण बाजूला ठेवून त्यांना म्हटलं, "मावशींना सांगताय असं समजून मला सांगा." ते सांगू लागले. मुलगा वाटेत बोलणं जुळवत येतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. इथे ते अडखळले. समोरचं पवित्र शास्त्र उघडून पुन्हा वाचलं. शेवटची विनंती मुलाच्या तोंडून बाहेरच पडत नाही. त्याआधीच बाप झगा आणायला सांगतो.

"मॅडम, मी हे कधी पाहिलंच नव्हतं. आणि मावशी तर इथे बापाच्या जागी आहेत! मी त्यांना पश्चात्ताप शिकवायला निघालो होतो."

ते त्यांचं त्यांनाच सापडलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

तयारीचं म्हणाल तर उतारा सोमवारीच मोठ्याने वाचा, मागचापुढचा भागही वाचा. लूक 15च्या सुरुवातीला परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मनिष्ठ लोक, येशू पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करतात, ती वगळली तर दाखला कुणाला सांगितलाय हेच हरवतं. आठवड्यात दोन घरी जाऊन या. शुक्रवारपर्यंत उपदेशाचं सार एका वाक्यात सांगता आलं पाहिजे; येत नसेल तर मजकूर कापा, वाढवू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जे वाक्य घरी कधी बोलणार नाही ते काढा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (1861–1919) भजनं मंडळी आजही गाते, कारण ती अभंगाच्या, कानाला सवयीच्या वळणाची आहेत.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. मावशी मनात ठेवून बोला, पण त्यांची गोष्ट व्यासपीठावरून सांगू नका, नाव गाळूनसुद्धा नाही. गावात कुणाचा मुलगा येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरी विश्वासाने सांगितलेलं रविवारी उघड झालं, तर पाळकाला पुन्हा कुणी काही सांगत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि थोरला भाऊ? त्याच्यावर चार पानं आहेत."

"त्याला पुढचा रविवार द्या," मी म्हटलं.